पुन्हा पुन्हा गळणारा रेडिएटर: किनारपट्टीवर गळतीचे मूळ कसे शोधावे

गाडीच्या रेडिएटरमधले पाणी दर आठ-पंधरा दिवसांनी कमी होते. गॅरेजमध्ये एखादी क्लिप आवळून मिळते, एखादा सांधा बुजवून मिळतो, महिनाभर सगळे ठीक चालते आणि मग एका सकाळी गाडी मागे घेतल्यावर खळ्यात पुन्हा तोच ओला डाग दिसतो. समुद्राला लागून असलेल्या गावांत ही तक्रार फार ऐकू येते. मी गुहागरला राहतो. माझ्या दहा वर्षांच्या छोट्या पेट्रोल गाडीचा रेडिएटर चौदा महिन्यांत तीन वेळा गळला आणि तिन्ही वेळा गळण्याची जागा वेगळी होती: आधी वरच्या होज पाइपचा (इंजिन आणि रेडिएटर जोडणाऱ्या रबरी नळीचा) सांधा, मग प्लॅस्टिकच्या टाकीची कड आणि शेवटी खुद्द ॲल्युमिनियमची जाळी. पहिल्या दोन वेळा मी जागा दुरुस्त केली. तिसऱ्या वेळी कारण दुरुस्त केले आणि गळती थांबली. ते कारण शोधण्याची रीत, घरी करता येण्याजोगी दुरुस्ती आणि जिथे घरी हात लावू नये अशा जागा मी इथे सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या पट्ट्यात रेडिएटर बदलूनही गळती परत येते तेव्हा दोष बहुतेक वेळा रेडिएटरचा नसतो, त्यात आपण जे ओततो त्याचा असतो.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकते आणि झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर आणि हातावर येते. वरचा होज पाइप मुठीत सहज धरता येईल इतका गार होईपर्यंत, म्हणजे किमान तासभर, थांबावे. दुसरी गोष्ट अशी की अनेक गाड्यांचा विजेवरचा पंखा किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होतो, म्हणून पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी.

गळती खरोखर रेडिएटरचीच आहे का

कोकणातल्या दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली भरपूर पाणी ठिबकते. ते पाणी स्वच्छ, बिनवासाचे असते आणि पुढच्या आसनांच्या खालच्या बाजूला, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ पडते. कूलंट (रेडिएटरमधल्या पाण्यात मिसळायचे द्रव) हिरवा, लाल, गुलाबी किंवा निळा असतो, बोटाला किंचित बुळबुळीत लागतो, त्याला गोडसर वास येतो आणि वाळल्यावर त्याचा पांढरट किंवा रंगीत पापुद्रा मागे राहतो. रात्री गाडीच्या नाकाखाली मोठा कोरा पुठ्ठा पसरून ठेवावा आणि चाकाच्या जागेवर खूण करावी. सकाळी डाग कुठे आणि कोणत्या रंगाचा पडला, यावरून निम्मे निदान होते. मी सुरुवातीला हे केले नाही, थेट पाना हातात घेतला आणि एक पूर्ण रविवार एसीच्या पाण्यामागे घालवला.

गळतीची ओली जागा म्हणजे गळतीचा उगम नव्हे. पंख्याची आणि चालत्या गाडीची हवा थेंबांना मागे आणि खाली ढकलते, त्यामुळे वरच्या सांध्यातून निघालेले पाणी खालच्या टाकीवर दिसते आणि पुढच्या बाजूचे पाणी इंजिनावर. म्हणून आधी सगळा भाग गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, कोरडा करावा, मग गाडी अर्धा तास चालवून आणावी आणि विजेरीच्या उजेडात सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली खूण शोधावी. होज पाइपांची दोन्ही टोके, टाकी आणि जाळी यांचा सांधा, तळाची निचऱ्याची चावी आणि वॉटर पंप या क्रमाने पाहत गेल्यास सहसा काही सुटत नाही. वॉटर पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी तिथून ठिबकू लागते. त्या छिद्राखाली वाळलेल्या ओघळाची रेघ दिसली तर रेडिएटरला दोष देऊ नये आणि ते छिद्र तर मुळीच बुजवू नये.

बाहेर काहीच ओले नसताना पाणी कमी होत असेल तर केबिनमध्ये पाहावे. पुढच्या पायाखालचा गालिचा ओलसर, काचेवर तेलकट धुके आणि आत गोड वास, ही हीटरच्या आतल्या छोट्या रेडिएटरची लक्षणे आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे गालिचा तसाही ओला असतो, त्यामुळे हात लावून नव्हे, वास घेऊन आणि टिश्यू कागदावर रंग उतरतो का ते पाहून ठरवावे.

एक तपासणी मात्र कोणीही टाळू नये. गार इंजिनावर झाकण उघडावे, इंजिन सुरू करावे आणि तोंडाशी पाहत राहावे. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात, पण बुडबुडे थांबतच नसतील, किंवा झाकण लावून गार इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गास्केट (इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचा भाग, म्हणजे हेड, यांच्यामधले सील) फुटलेले असण्याची दाट शक्यता आहे. तेलाच्या झाकणाखाली मलईसारखा थर आणि इंजिन गरम झाल्यावरही धुरांड्यातून न थांबणारा पांढरा धूर ही त्याचीच आणखी लक्षणे. अशा गाडीचा रेडिएटर कितीही वेळा दुरुस्त केला तरी इंजिनातला वायू त्याला पुन्हा फोडतो. हे काम घरचे नाही. गाडी चालवत न नेता उचलून न्यावी.

झाकणाकडे कोणी पाहत नाही

माझी तिसरी गळती मे महिन्यात कुंभार्ली घाटात उघड झाली. चिपळूणपर्यंत तापमानाचा काटा मध्यावर होता. पोफळी सोडून चढ सुरू झाला, दुसऱ्या गिअरवर गाडी मालट्रकांच्या मागे रांगत राहिली आणि पाच-सहा वळणांत काटा लाल पट्टीला टेकला. घाटातच गळती का दिसते, याचे कारण साधे आहे. चढावर इंजिन जास्त उष्णता काढते, वेग कमी असल्याने जाळीतून वारा कमी जातो, दाब पूर्ण क्षमतेपर्यंत चढतो आणि सपाटीवर बंद राहणारे बारीक छिद्र उघडते. गॅरेजच्या दारात दहा मिनिटे नुसती सुरू ठेवलेली गाडी गळत नाही आणि मग गाडीला काही झालेलेच नाही, असे सांगितले जाते.

तासाभराने गार झाल्यावर पाणी भरून मी हळूहळू चिपळूणला उतरलो. तिथल्या तरुण मेकॅनिकने बॉनेट उघडून सर्वांत आधी झाकण काढले, तळहातावर उलटे ठेवले आणि विचारले, "काका, पाणी कुठलं घालता?"

मी म्हणालो, "घरच्या विहिरीचं. दुसरं कुठलं घालणार?"

"गोडं आहे की मचूळ?"

"चैत्रापर्यंत गोडंच असतं. मग जरा मचूळ होतं, पण आम्ही तेच पितो की."

त्याने काही न बोलता नखाने झाकणाच्या मध्यावरची पितळी चकती ओढून दाखवली. ती हललीच नाही. चकतीभोवती पांढऱ्या-हिरवट क्षारांचे कडे घट्ट बसले होते, रबरी वायसरवर नखाएवढी खोल चर पडली होती आणि स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये चुन्यासारखा खर साचला होता. मी ते झाकण दहा वर्षांत शेकडो वेळा उघडले असेन, पण उलटे करून एकदाही पाहिले नव्हते.

रेडिएटरचे झाकण हे नुसते बूच नाही. त्यात दोन झडपा असतात. मोठी, स्प्रिंगची झडप आतला दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत धरून ठेवते. बहुतेक छोट्या गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. समुद्रसपाटीला उघडे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. ०.९ बार जादा दाबाखाली तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट मिसळला की ही मर्यादा आणखी वर जाते. दाब ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की ही झडप उघडते आणि जादा कूलंट बाजूच्या बाटलीत जातो. इंजिन गार होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा मधली छोटी चकती उलट दिशेने उघडते आणि बाटलीतला कूलंट परत ओढून घेते.

आता या दोन्ही झडपा क्षारांनी आखडल्या तर काय होते ते पाहावे. मोठी झडप वेळेवर उघडत नाही, दाब वाढत राहतो आणि सर्वांत कमजोर सांधा, म्हणजे प्लॅस्टिकची टाकी आणि जाळी यांच्यामधला गास्केट, उकलतो. छोटी चकती उघडत नाही, त्यामुळे रात्री गार होताना वरचा होज पाइप आतून ओढला जाऊन चपटा होतो, दिवसा पुन्हा फुगतो आणि हे रोज घडून क्लिपेखालची पकड सैल होते. माझी पहिली आणि दुसरी गळती ही या एका झाकणाची दोन रूपे होती. सकाळी बॉनेट उघडल्यावर वरचा होज चपटलेला दिसला, किंवा बाटली काठोकाठ भरलेली असताना रेडिएटर मात्र रिकामा आढळला, तर बाकी काहीही उघडण्यापूर्वी झाकण बदलावे. नवे झाकण जुन्यावरचाच आकडा पाहून घ्यावे. जास्त दाबाचे झाकण लावल्याने गाडी कमी तापेल, ही समजूत जुन्या रेडिएटरच्या बाबतीत महागात पडते.

विहिरीचे पाणी आणि ॲल्युमिनियम

मुख्य मुद्दा हा आहे. पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि कथलाने झाळून दुरुस्त होत. आजच्या बहुतेक गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या चेपून बसवलेले असतात. जाळीतल्या नळ्यांची भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि तोच थर धातूला गंजण्यापासून राखतो. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड नेमके त्या थराला ठिकठिकाणी भोके पाडते. त्यामुळे संपूर्ण नळी हळूहळू झिजत नाही, सुईने टोचल्यासारखी खोल, अरुंद छिद्रे पडत जातात आणि एक दिवस त्यांतले एखादे आरपार जाते. ते बुजवले तरी शेजारी अर्धवट खोल गेलेली आणखी दहा तयार असतात. म्हणूनच अशी जाळी एकदा गळू लागली की दुरुस्तीनंतर दुसरीकडून गळते आणि माणसाला वाटते की दुरुस्ती नीट झाली नाही.

किनाऱ्यालगतच्या विहिरींत उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि खारटपणा चढतो. पिण्यापुरते ते चालते, पण रेडिएटरमध्ये ते पाणी वाफ होऊन निघून जाते आणि क्षार आतच राहतात. त्यावर आपण पुन्हा तेच पाणी ओततो आणि प्रत्येक भरणीबरोबर आतला खारटपणा वाढत जातो. पाणी उकळून, गाळून घातले तर चालेल का, असे मला अनेकांनी विचारले आहे. उकळल्याने चुन्याचा काही भाग भांड्याच्या तळाशी बसतो हे खरे, पण मीठ कुठेही जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे ते अधिक दाट होते. बोअरवेलच्या पाण्याचीही तीच गत आहे.

दुसरी समजूत अशी की कूलंट हा थंड प्रदेशातल्या गाड्यांसाठी असतो आणि कोकणात बर्फ पडत नसल्याने साधे पाणी पुरते. मीही वर्षानुवर्षे हेच मानत आलो. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल पाणी गोठू देत नाही, हे त्याचे एक काम झाले. आपल्यासाठी महत्त्वाची कामे वेगळी आहेत: ते उकळण्याची मर्यादा वाढवते आणि त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे अशा वेगवेगळ्या धातूंना एकमेकांना खाऊ देत नाहीत. एकाच पाण्यात वेगवेगळे धातू बुडाले की तिथे विद्युतघटासारखी क्रिया चालू होते, आणि त्यात सहसा ॲल्युमिनियमचा बळी जातो. ही द्रव्ये कालांतराने खर्च होतात, म्हणून कूलंटचा रंग चांगला दिसत असला तरी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला तो बदलावाच लागतो. नुसते डिस्टिल्ड पाणी भरणे हाही उपाय नाही, कारण त्यात क्षार नसले तरी गंजरोधकही नसतात.

बाहेरून येणारा खारटपणा वेगळा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने नेहमी जाणाऱ्या किंवा पुळणीवर उतरवलेल्या गाडीच्या जाळीवर खारे तुषार बसतात आणि नळ्यांमधले धातूचे पातळ पापुद्रे पांढऱ्या भुकटीसारखे गळून पडतात. बोट लावताच पापुद्रे विस्कटत असतील तर ती जाळी उष्णता बाहेर टाकण्याच्या कामाची उरलेली नाही, मग ती गळत असो वा नसो. फेरीबोटीच्या प्रवासानंतर त्याच दिवशी साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, गोडे पाणी मारून जाळी धुवावी. जोरदार फवाऱ्याचे यंत्र जवळून मारल्यास पापुद्रे आडवे पडतात. पावसाळ्यात एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत तांबडा चिखल आणि पालापाचोळा भरतो, तोही याच वेळी निघतो.

घरी करता येण्याजोगी दुरुस्ती

सांधा गळत असेल तर काम सोपे आहे. होज पाइप काढावा, त्याच्या टोकाला भेगा असतील किंवा ते फुगून मऊ झाले असेल तर पाइपच बदलावा, आणि ज्या तोटीवर तो बसतो तिच्यावरचा पांढरा खर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करावा. या खरामुळेच नवी क्लिपसुद्धा पाणी धरत नाही. क्लिप जुनी, गंजलेली असेल तर ती परत वापरू नये. प्लॅस्टिकच्या तोटीवर ती अति आवळली तर तोटीच तडकते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि होज कुरतडतात, म्हणून दातांच्या खुणाही पाहाव्यात.

रेडिएटर उतरवून तपासायचा असेल तर तळाची चावी उघडून कूलंट एखाद्या घमेल्यात काढावा. हे द्रव गोड लागते आणि विषारी असते. कुत्री, मांजरे, गुरे ते आवडीने चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. ते खळ्यात सांडू देऊ नये, विहिरीजवळ किंवा पऱ्ह्यात ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे. नंतर दोन्ही होज, पंख्याची तार आणि पंख्याची चौकट सोडवून, वरचे कंस काढून रेडिएटर सरळ वर उचलावा. समोरच्या एसीच्या जाळीच्या नळ्यांना मात्र हात लावू नये, त्यांत दाबाखालचा वायू असतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत गिअरतेलाच्या नळ्याही बऱ्याचदा रेडिएटरमधून जातात. त्या असतील तर हे काम घरी करू नये, असे माझे मत आहे.

गळतीची नेमकी जागा शोधण्यासाठी मी आगरात पाणी साठवायचे निळे पिंप वापरले. रेडिएटरच्या दोन्ही तोट्यांवर जुन्या होजचे वीतभर तुकडे चढवले, एकाच्या टोकात लाकडी खुंटी आणि दुसऱ्याच्या टोकात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलेले रबरी बूच घालून चारही ठिकाणी क्लिपा आवळल्या, तोंडाला नवे झाकण लावले आणि बाटलीकडे जाणारी बारीक तोटी उघडी ठेवली. मग सगळा रेडिएटर पाण्यात बुडवून, काटा असलेल्या पायपंपाने हवा भरली. झाकणावरच्या आकड्याच्या पुढे जाऊ नये. ०.९ बार म्हणजे पंपाच्या काट्यावर साधारण १३ पौंड. खुंटी निसटली तर गोळीसारखी सुटते, म्हणून तोंड बाजूला ठेवावे. पहिल्या मिनिटात पापुद्र्यांत अडकलेली हवा सगळीकडून वर येते, ती जाऊ द्यावी. त्यानंतर माझ्या रेडिएटरमध्ये उजवीकडून चौथ्या-पाचव्या नळीच्या मध्यावरून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक सरळ माळ वर येत राहिली, आणि पंप थांबवून शांतपणे पाहिल्यावर तळाशी आणखी दोन बारीक माळा दिसल्या. त्या दोन माळांनी माझा निर्णय केला.

एकच छिद्र असेल, बाकी जाळी धडधाकट असेल आणि आत नेहमी चांगला कूलंट राहिला असेल, तर ते छिद्र बुजवणे योग्य आहे. भोवतालचे पापुद्रे नाकाडी पक्कडीने काढावेत, धातू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासावा, थिनरने पुसून पूर्ण कोरडा करावा आणि उष्णतेला टिकणारी, धातूसाठीची दोन भागांची इपॉक्सी नीट मळून आत दाबून बसवावी. पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होण्यापूर्वी पाणी लावू नये. दमट दिवसांत मी पूर्ण एक दिवस थांबेन. ओल्या किंवा न घासलेल्या जागेवर लावलेली पुट्टी पहिल्या घाटातच उचकटते, आणि इपॉक्सी निकामी ठरण्याचे हेच सर्वांत नेहमीचे कारण आहे. प्लॅस्टिकच्या टाकीच्या अंगावरची केसाएवढी भेग अशाच रीतीने काही काळ थांबते, पण रोजच्या तापण्या-गार होण्याने ती पुढे सरकते. टाकी आणि जाळी यांच्या सांध्यावर बाहेरून पुट्टी लावणे मात्र व्यर्थ आहे. मी ते केले आणि सात आठवड्यांत ते सुटले. तिथे आतला रबरी गास्केट कडक झालेला असतो, आणि तो बदलायचा तर चेपलेले ॲल्युमिनियमचे दात एकेक करून जेमतेम हवे तेवढेच उघडावे लागतात. एकदा उघडून पुन्हा चेपलेला दात दुसऱ्यांदा वाकवला की तुटतो.

दोन-तीन ठिकाणांहून हवा येत असेल तर रेडिएटर बदलावा. त्यात काटकसर करू नये.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना चालकांचा उपाय आणि बाटलीत मिळणारी गळतीबंद द्रव्ये यांविषयी मला नेहमी विचारले जाते. बारीक कण छिद्रात अडकून गळती थांबते, हे खरे आहे. पण ते कण केवळ छिद्रच ओळखून तिथे जात नाहीत. हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही ते साचतात आणि गळणारा रेडिएटर चोंदलेला होतो. रात्री घाटात अडकलो आणि घर गाठायचेच आहे, अशा वेळी कोणी हळद टाकली तर मी त्याला दोष देणार नाही, पण घरी पोहोचल्यावर सगळी यंत्रणा धुऊन काढावी.

भरताना

नवा रेडिएटर बसवण्यापूर्वी इंजिनातले जुने पाणी काढणे हे या सगळ्या कामातले सर्वांत दुर्लक्षित पाऊल आहे. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनाच्या पोटात आणि हीटरमध्ये बरेचसे मचूळ पाणी उरतेच, आणि ते नव्या ॲल्युमिनियमवर लगेच कामाला लागते. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापवावे, गार होऊ द्यावे आणि सोडून द्यावे. बाहेर येणारे पाणी नितळ होईपर्यंत हे पुन्हा करावे. माझ्या गाडीला चार वेळा करावे लागले. पहिल्या दोन वेळचे पाणी तांबूस होते आणि घमेल्याच्या तळाशी वाळूसारखा कण बसला होता. धुण्याचे डिस्टिल्ड पाणी काही प्रमाणात आत राहते, म्हणून नंतर भरताना आधी पाणी न मिसळलेला कूलंट मापाने घालून मग पाणी घालावे. यंत्रणा पूर्ण कोरडी असेल तेव्हाच तयार मिश्रण थेट भरावे. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ते बऱ्याच गाड्यांसाठी निम्मे-निम्मे असते. दोन वेगळ्या प्रकारचे कूलंट एकमेकांत मिसळू नयेत आणि केवळ रंग सारखा म्हणून प्रकार सारखा असे समजू नये.

हवा अडकून राहिली तर गाडी कूलंट भरलेला असूनही तापते. गाडीचे नाक चढाच्या दिशेने उभे करावे, झाकण उघडे ठेवून, हीटर गरमवर करून इंजिन सुरू करावे आणि होज हळूहळू दाबत राहावे. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडला की वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते, तेव्हा भर घालावी. पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला, बुडबुडे थांबले, की इंजिन बंद करून, थोडे निवल्यावर झाकण लावावे. दुसऱ्या सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. पहिल्या रात्री ती थोडी उतरणे स्वाभाविक आहे.

वाटेत गाडी तापली तर

काटा वर चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात करावा. मे महिन्यात हे नकोसे वाटते, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच असतो. सुरक्षित जागा मिळताच थांबावे. वाफ दिसत असेल किंवा काटा लाल पट्टीत असेल तर इंजिन लगेच बंद करावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो. पूर्ण निवल्यावर, जवळ असेल ते स्वच्छ पाणी हळूहळू घालून घर किंवा गॅरेज गाठावे. अशा वेळी झऱ्याचे पाणी घालण्यात काही चूक नाही, फक्त ते नंतर आत राहू देऊ नये.

माझ्या गाडीत आता बाटलीवर गार इंजिनाच्या पातळीची रेघ न पुसणाऱ्या शाईने मारलेली आहे, आणि डिकीत दोन लिटर तयार मिश्रण, दोन क्लिपा आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची पट्टी असते. दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, मी रेघ पाहतो आणि महिन्यातून एकदा झाकण उलटे करून मधली चकती नखाने ओढून सोडतो. ती टचकन जागेवर बसली पाहिजे. या मे महिन्यात त्याच कुंभार्ली घाटाने कराडला जाऊन आलो आणि परतल्यावर दुसऱ्या सकाळी पातळी रेघेवरच होती. ज्या आठवड्यात ती रेघेखाली बोटभर उतरेल, त्या रात्री पुठ्ठा पुन्हा गाडीखाली जाईल.